तारेवरची वेळ

११ नोव्हेंबर २००६, शनिवार

दुपारी साडेबाराच्या सुमारास

वाशी, सेक्टर ९. रामनारायण गुप्ता, ज्याला ओळखीचे आणि पोलीसही लखनभैया म्हणत, आणि त्याचा मित्र अनिल भेडा एका दुकानाजवळ होते. साध्या वेशातली काही माणसं आली. दोघांना धरून गाडीत घातलं आणि गाडी निघून गेली. शनिवारची भर दुपार होती आणि दुकानं उघडी होती. हद्द नवी मुंबई पोलिसांची होती, नेणारे मुंबई पोलिसांचे होते.

लखनभैयावर गुन्हे नोंदलेले होते, हे आधीच सांगायला हवं. पोलीस त्याला छोटा राजन टोळीचा माणूस म्हणत. अशा माणसासाठी कायद्यात वाट आखून दिलेली आहे. अटक दाखवायची, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, घरच्यांना कळवायचं आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. रविवार असला तरी सुट्टीचं न्यायालय असतं. त्या दुपारी यातलं काहीच झालं नाही. भेडाचा तर गुन्हा एवढाच की तो त्या वेळी मित्राबरोबर होता.

पोलिसांच्या कागदावर ज्या वेळी लखनभैया चकमकीत मेला, तिला अजून साडेसात तास होते.

दुपारी एक ते चार

दोघांना उचलून नेल्याची खबर दुपारीच लखनभैयाच्या भावापर्यंत पोचली. भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील. या गोष्टीचं पुढचं सगळं वळण या एका योगायोगावर आहे. दुसऱ्या कुठल्या घरात अशा वेळी ठाण्याचे उंबरठे झिजवले असते, ओळखीचा नगरसेवक शोधला असता, देवाला नवस बोलले असते. वकिलाला माहीत असतं की तोंडी विनवणीला वेळ नसते आणि कागदाला असते.

नुसतं उचलून नेलंय एवढ्यावरून भाऊ मारला जाणार अशी भीती त्याला का वाटावी? मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून ‘एन्काउंटर’ हा शब्द मराठीत रुळला. १६ नोव्हेंबर १९९१ ला लोखंडवाला संकुलात माया डोळस आणि त्याच्या साथीदारांवर भर वस्तीत तासन्‌तास गोळीबार झाला आणि अंधेरीकरांनी तो खिडक्यांच्या फटींतून पाहिला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने न्यायालयात जो हिशेब मांडला, त्यात १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली होती. खंडणीखोरांनी शहराला जेरीस आणलं होतं, साक्षीदार फिरत होते, खटले वर्षानुवर्षं रखडत होते. लोकांना हे मरणं सुटकेसारखी वाटत, आणि त्या वाटण्याला कारण होतं. पण एकदा कुणाला मारायचं हे ठरवण्याचा अधिकार कुणाला न विचारता हातात आला, की तो विकलाही जाऊ शकतो. या खटल्यात पुढे सरकार पक्षाने नेमकं हेच मांडलं: लखनभैयाशी जमिनीच्या व्यवहारांवरून बिनसलेल्या एका माणसाने हे काम पोलिसांकडून करवून घेतलं.

दुपारी चारनंतर

तारा सुटल्या. फॅक्सही गेले. पोलिसांतल्या वरिष्ठांना, आयुक्तांना उद्देशून. मजकुराचा आशय असा, की माझ्या भावाला आणि त्याच्या मित्राला वाशीतून उचलून नेलंय आणि त्याला खोट्या चकमकीत मारलं जाईल अशी भीती आहे.

आपल्याकडे तार म्हणजे काय हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. तारवाला दारात दिसला की मजकूर वाचायच्या आधी बायका रडायला लागत, कारण गावाकडे तार बहुधा कुणी गेल्याचीच यायची. ही तार निघाली तेव्हा ज्याच्याबद्दल ती होती तो माणूस जिवंत होता. आणि तारेच्या पावतीवर तारीख असायची, वेळ असायची, दोन्ही सरकारी यंत्रणेने उमटवलेल्या. भाऊ मेल्यावर कुणी असा कागद तयार करू शकत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भेदक वाटतो तो हा कागद. गोळी सुटायच्या आधी तिची बातमी लिहिली गेली होती, सही करून, पत्ता घालून, ज्यांच्या हातात ती थांबवणं होतं त्यांच्याच नावे.

चार तास उरले होते. वाशीहून अंधेरीला शनिवारच्या गर्दीतही दीड-दोन तासांत पोचता येतं. एका आयुक्तालयातून दुसऱ्या आयुक्तालयात फोन करायला एक मिनिट लागतं.

संध्याकाळ

भेडाच्या पत्नीने वाशी पोलीस ठाण्यात नवरा हरवल्याची तक्रार नोंदवली. म्हणजे आता कागद दोन झाले, दोन वेगळ्या हातांचे, दोन वेगळ्या जागी. एक वकिलाचा आणि एक दिवेलागणीला नवरा घरी आला नाही म्हणून ठाण्यात गेलेल्या बाईचा.

इकडे खाडी ओलांडून दोघांना अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगर पोलीस ठाण्याकडे आणलेलं होतं. तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भेडाला ठेवून घेतलं. लखनभैयाला बाहेर काढलं.

डी. एन. नगर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. भाजीवाले, रिक्षांची रांग, स्टेशनकडून परतणारी माणसं. त्या गर्दीच्या इतक्या जवळ एक माणूस मरणाची वाट पाहत होता आणि गर्दीला त्याचा पत्ता नव्हता.

रात्री आठ-सव्वाआठ

वर्सोव्यात, सात बंगल्याजवळ, नाना-नानी पार्क आहे. नावाप्रमाणे ते वयस्कर लोकांसाठी केलेलं आहे. बाकांवर बसून हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, दोन फेऱ्या घालाव्यात, घरी जावं. पोलिसांनी आपल्या चकमकीला जागा दिली ती ही.

पोलिसांची कहाणी थोडक्यात अशी: खबऱ्याकडून पक्की खबर मिळाली, सापळा रचला, लखनभैयाला शरण यायला सांगितलं, त्याने गोळी झाडली, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला, तो मेला. वर्सोवा ठाण्यात तशी फिर्याद नोंदली गेली.

दुपारी साडेबाराला वाशीत पोलिसांच्या गाडीत बसवलेला माणूस रात्री सव्वाआठला वर्सोव्यात पिस्तूल घेऊन एकटा कसा उगवला, याचं उत्तर त्या फिर्यादीत असणं शक्य नव्हतं, कारण वाशीच तिच्यात नव्हती.

१२ नोव्हेंबर, सकाळ

मला इथे थांबायचं आहे, कारण हा भाग पोलिसांचा नाही, आमच्या धंद्याचा आहे.

‘खबर’, ‘सापळा’, ‘स्वसंरक्षणार्थ’. ही वाक्यं मराठी वाचकाला पाठ आहेत. वर्षानुवर्षं ती पोलिसांच्या टिपणातून जशीच्या तशी वर्तमानपत्रात उतरली. नावं बदलली, चौक बदलले, वाक्यं तीच राहिली. याच भाषेने ‘चकमकफेम’ हे विशेषण घडवलं, अधिकाऱ्याच्या नावाआधी पदवीसारखं लावलं आणि त्याच्या खात्यावरचे आकडे धावसंख्येसारखे छापले. प्रदीप शर्मा हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव, अंधेरीच्या पट्ट्यातला दबदबा. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक बळी सांगितले जात आणि ते कौतुकाने सांगितले जात. ‘किती’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘त्या दिवशी दुपारी तो माणूस कुठे होता’ हे विचारायला वार्ताहराला वाशीपर्यंत लोकल पकडायची होती, इतकंच.

त्याच तारखेचा एक जुना दाखला आहे. १२ नोव्हेंबर १९६९ ला सेमूर हर्श या अमेरिकी पत्रकाराने एका छोट्या वृत्तसंस्थेमार्फत व्हिएतनाममधल्या माय लाय गावाची बातमी दिली. १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैन्याने तिथे बाया, पोरं, म्हातारे मारले होते. त्या वेळच्या लष्करी पत्रकात लिहिलं होतं की शत्रूचे १२८ जण ठार झाले आणि तीन शस्त्रं हाती लागली. एकशेअठ्ठावीस बंडखोर आणि बंदुका तीन. हे गणित छापील कागदावर सगळ्यांसमोर होतं. तरी वर्तमानपत्रांत कुणी बेरीज-वजाबाकी करून पाहिली नाही, वीस महिने. हर्शला एका वकिलाकडून धागा मिळाला, तो एका लेफ्टनंटला शोधत जॉर्जियातल्या छावणीत जाऊन थडकला आणि बातमी उघडी पडली.

मुंबईत धागा वकिलाकडेच होता. पण तो घेऊन दाराशी जाणारा हर्श त्याला मिळाला नाही. शोधपत्रकाराचं काम, म्हणजे वेळा जुळवणं, जागा तपासणं, कागद जपणं आणि माणसं टिकवणं, हे सगळं मेलेल्याच्या भावाने केलं.

त्यानंतर

भेडा सुटला नाही. महिनाभर तो पोलिसांच्या ताब्यातच राहिला, बराच काळ अंधेरीतल्या एका हॉटेलात. जिवंत साक्षीदाराला असं नजरेखाली ठेवण्याला कुठल्याही कायद्यात नाव नाही.

रामप्रसाद आठवड्याच्या आत उच्च न्यायालयात गेले. २००८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांकडून चौकशीचा आदेश दिला. ऑगस्टमध्ये अहवाल आला: हे मरण पोलिसांच्या ताब्यात असताना झालेलं आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. घटनेपासून तिथपर्यंत जवळजवळ तीन वर्षं.

१२ जुलै २०१३ ला सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली, त्यांत १३ पोलीस. याच खटल्यात आरोपी असलेले प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. दोनच दिवसांनी, १४ जुलैच्या रात्री, देशातली तारसेवा कायमची बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोक हौसेने रांगा लावून उभे होते. त्या गर्दीत कुणाला वर्सोव्याची आठवण झाली असेल असं मला वाटत नाही.

२०१५ मध्ये राज्य सरकारने शिक्षा झालेल्यांपैकी ११ पोलिसांची शिक्षा स्थगित केली. ती सवलत रद्द करून घ्यायला रामप्रसाद यांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं, आणि २०१९ मध्ये ती रद्द झाली. १९ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या उच्च न्यायालयातल्या खंडपीठाने १२ पोलीस आणि एका खासगी व्यक्तीची जन्मठेप कायम केली, सहा खासगी व्यक्तींना सोडलं आणि शर्मांची सुटका फिरवून त्यांनाही जन्मठेप दिली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शरण जाण्यापासून दिलासा दिला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१४ मध्ये, त्याच १३५ मृत्यूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चकमकीच्या स्वतंत्र चौकशीचे १६ नियम घालून दिले होते.

१३ मार्च २०११

हा दिवस क्रमाने आधी यायला हवा होता. मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

अनिल भेडाची साक्ष १६ मार्चला व्हायची होती. वाशीपासून डी. एन. नगरपर्यंत लखनभैयाबरोबर गेलेला आणि परत आलेला तो एकटाच माणूस होता. सव्वाचार वर्षं तो हे पोटात घेऊन जगला. आधी दबावाखाली एक बोलला, मग जे पाहिलं ते दंडाधिकाऱ्यांपुढे सांगितलं. आता ते भर न्यायालयात, उलटतपासणीला तोंड देऊन सांगायचं होतं.

तीन दिवस उरले असताना तो बेपत्ता झाला. या वेळीही घरच्यांनी ठाण्यात तक्रार दिली. पुढे ठाणे जिल्ह्यात मनोर परिसरात एक मृतदेह मिळाला, ओळख पटण्याच्या पलीकडे गेलेला. डीएनए तपासणीने तो त्याचाच ठरला.

त्याच्याशिवायच खटला चालला. भाऊ, पत्नी, तारा, फॅक्स, फिर्यादीतली विसंगती यांच्यावर तो उभा राहिला आणि टिकला. २०२४ च्या निकालात न्यायमूर्तींनी भेडाच्या कुटुंबाला न्याय मिळाला नाही याबद्दल खंत नोंदवली. तोवर तेरा वर्षं झाली होती आणि त्याच्या खुनाबद्दल एकाही माणसावर खटला उभा राहिलेला नव्हता.