पूर्ण किमतीत काय मिळत होते?

दिवाळीच्या तोंडावर दुकानांवर सवलतीच्या पाट्या लागतात, तेव्हा गिऱ्हाइकाचा हिशेब सरळ असतो : वस्तू तीच, तर जास्त पैसे का मोजा? रेडिओ किंवा टेलिव्हिजनपुरता तो बराचसा खराही आहे. प्रश्न उरतो तो हमीपत्राचा आणि दुरुस्तीचा. सॉफ्टवेअर आले आणि हा हिशेब मुळातच बिघडला. नक्कल करायला जवळजवळ फुकट, आणि चालते अस्सलाइतकीच!

या भांडणाची एक जुनी खूण १९७६ सालची आहे. अमेरिकेत ‘अल्टेअर’ नावाचा घरी जुळवायचा संगणक हौशी मंडळी घेत. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी ‘बेसिक’ रचले. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात गेट्स यांनी तक्रार केली की, अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांनीही ते विकत घेतलेले नाही. मिळालेले मानधन आपल्या श्रमांना तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. पत्र तिखट होते, पण खोटे म्हणवत नाही. मात्र १९८३ साली फिलिप कान यांच्या बोर्लंड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ ४९ डॉलर ९५ सेंटला विकायला काढले. तशा साधनांना तेव्हा कितीतरी पट पैसे पडत. ते धडाक्याने खपले. लोकांना फुकटच हवे असते, हे अर्धेच खरे होते.

आपल्याला जवळचा इतिहास मात्र छापखान्यांचा आहे. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवावे लागे, म्हणून त्याची फ्लॉपीवर नक्कल होत नसे. १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाण ठरले. त्यात देवनागरी आणि कन्नड अक्षरांना सांकेतिक अंक एकच! मराठीत टंकलेला मजकूर त्यामुळे कन्नड लिपीतही दाखवता येई. दोन लिप्यांत वावरणाऱ्या आपल्या भागाला याहून सोयीचे काय असणार?

पण डी.टी.पी.च्या धंद्यात चलती झाली ती सुट्या फाँटची. प्रत्येक कंपनीचे अक्षरांचे अंक निराळे. एका छापखान्यातली फाइल दुसरीकडे नेली आणि तिथे तोच फाँट नसला, की पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. फाँटच्या नकला केवळ कंजूषपणामुळे फिरल्या असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ज्याने पूर्ण किंमत मोजली, त्याच्या संगणकामागे प्रिंटरच्या जोडणीत लॉकची डबी लागे. ती बिघडली की त्याचे काम ठप्प, नक्कलवाल्याचे सुरू. मग पूर्ण किमतीत मिळाले काय? मदतीला माणूस, सुधारित आवृत्ती आणि कायद्यापासून निर्धास्तपणा. हा शेवटचा लाभ लहान नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावल्या कॉपीराइट कायद्यात आल्या. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि जाणूनबुजून चोरटी प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद व पन्नास हजार रुपये दंड ठरला. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालयाला कैद टाळता येते.

स्वतःसाठी निवड करायची, तर हमी आणि दुरुस्ती जवळ मिळत असेल तिथे सवलतीचे यंत्र बेलाशक घ्यावे. सॉफ्टवेअर घेताना किमतीआधी, आपला मजकूर उद्या दुसरीकडे उघडेल का, हे विचारावे. युनिकोड १९९१ मध्येच आले होते, पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली. तोवरचे अंक ज्या फाइलींत आहेत, त्या विकतच्या फाँटमधल्या असोत की चोरीच्या, आज सारख्याच अडतात. रूपांतर करणारी साधने आहेत; पण रफार आणि जोडाक्षरे हटकून जागा चुकतात, आणि सबंध मजकूर छापील अंक शेजारी ठेवून ओळीओळीने पुन्हा वाचावा लागतो.