आरशातला ट्रक किती मागे आहे?

भुसावळहून वरणगावकडे जाणारा महामार्ग दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राजवळून जातो. पूर्वी याचा क्रमांक ६ होता. २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ५३ झाला. गुजरातेतून निघून धुळे, जळगाव, अकोला, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा हा रस्ता मुख्यतः मालवाहू गाड्यांचा. त्याच रस्त्याने वसाहतीतली आणि आसपासच्या गावांतली मुले कॉलेजला, क्लासला, कामाला मोटारसायकलवरून ये-जा करतात. स्पोर्ट्‌स प्रकारच्या मोटारसायकलींचे मूळ आरसे काढून हँडलच्या दोन्ही टोकांना लहान गोल आरसे बसवण्याची हौस त्यांच्यापैकी अनेकांना असते. बाजारात या आरशांना ‘बार-एंड मिरर’ म्हणतात.

आरसा कोणता घ्यावा, हा प्रश्न सहसा गॅरेजमध्ये दिसण्यावरून आणि किमतीवरून सुटतो. वास्तविक तो प्रकाशाच्या परावर्तनाचा प्रश्न आहे आणि त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. मागचे दाखवणाऱ्या आरशाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात : त्यात पुष्कळ दिसावे, अंतराचा अंदाज खरा यावा, आणि प्रतिमा स्थिर असावी. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरीत घट सोसावी लागते. हे कसे घडते ते इतिहासाच्या आधारे पाहू.

बसऱ्याच्या विद्वानाचा प्रश्न

सुमारे ९६५ साली बसऱ्याला जन्मलेल्या इब्न अल्-हैथमने ‘किताब अल्-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक प्रश्न सोडवला आहे. एक गोलीय आरसा आहे, समोर एक वस्तू आहे आणि एक डोळा आहे. तर वस्तूकडून आलेला किरण आरशावर नेमक्या कोणत्या बिंदूवर परावर्तित होऊन डोळ्यात शिरेल? सपाट आरशाच्या बाबतीत याचे उत्तर शाळेतला विद्यार्थीही देतो. गोलीय आरशाच्या बाबतीत मात्र गणित अवघड होते. सतराव्या शतकात हायगेन्ससारख्या गणितज्ञानेही या प्रश्नावर श्रम घेतले. मोटारसायकलस्वार फुगीर आरशात मागचा ट्रक पाहतो, तेव्हा हाच प्रश्न निसर्ग त्याच्यासाठी क्षणात सोडवून देत असतो.

हातातला आरसा आणि विटांचा रस्ता

मोटारगाड्या आल्या तेव्हा त्यांना आरसे नव्हते. डोरोथी लेव्हिट ही ब्रिटनमधली त्या काळची नामवंत मोटारचालक. तिने १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन अँड द कार’ या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला, की गाडीत एक हातआरसा ठेवावा आणि रहदारीत अधूनमधून तो उंच धरून मागे काय आहे ते पाहावे.

पुढची घटना ३० मे १९११ ची. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येते हे सांगणे हेही त्याचे काम असे. रे हॅरून याची गाडी एकाच बैठकीची होती. मागे पाहायला माणूस नाही, तेव्हा हा इतरांना धोका आहे, असा आक्षेप निघाला. हॅरूनने चालकाच्या पुढे दांड्यांवर एक आरसा बसवला आणि ताशी सुमारे १२० किलोमीटर सरासरी वेगाने शर्यत जिंकली.

या गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. ती धावपट्टी विटांची होती. हॅरूनने पुढे सांगितले, की हादऱ्यांमुळे आरसा इतका थरथरत होता, की त्यात काहीच धड दिसत नव्हते. म्हणजे वाहनावरच्या आरशाचा एक दोष त्याच्या पहिल्याच गाजलेल्या प्रयोगात उघड झाला होता.

याचे कारण परावर्तनाच्या नियमात आहे. आरसा एखाद्या कोनातून फिरला, तर परावर्तित किरण त्याच्या दुप्पट कोनातून फिरतो. आरसा केवळ अर्धा अंश हलला, तर दृष्टीची रेषा एक अंश हलते, आणि ३० मीटर मागे ती सुमारे अर्धा मीटर सरकते. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर मुख्य कंप सेकंदाला १०० वेळा होतो. डोळा इतक्या वेगाने प्रतिमेचा पाठलाग करू शकत नाही. मग मागचा दिवा ठिपका न दिसता रेघ दिसू लागतो.

सपाट की फुगीर?

आता पहिल्या दोन अपेक्षांकडे वळू. समजा आरशाची रुंदी ८ सेंमी आहे आणि तो डोळ्यापासून ६० सेंमी दूर आहे. आरसा सपाट असेल, तर त्यात दिसणाऱ्या क्षेत्राचा कोन ८ भागिले ६० रेडियन, म्हणजे सुमारे ७.६ अंश येतो. आरसा बहिर्वक्र असेल आणि त्याची वक्रता त्रिज्या १२० सेंमी असेल (नाभीय अंतर ६० सेंमी), तर हा कोन बरोबर दुप्पट, सुमारे १५ अंश होतो. त्रिज्या ६० सेंमी घेतली, तर तो तिप्पट, सुमारे २३ अंश होतो. (आरसा तिरका असल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी येतील, प्रमाण मात्र साधारण हेच राहील.)

या लाभाची किंमत प्रतिमेच्या आकारात मोजावी लागते. पहिल्या फुगीर आरशात दूरचा ट्रक सपाट आरशातल्यापेक्षा निम्मा दिसतो, दुसऱ्यात एकतृतीयांश. क्षेत्र दुप्पट, तर प्रतिमा निम्मी. क्षेत्र तिप्पट, तर प्रतिमा तृतीयांश. दोहोंचा गुणाकार कायम राहतो. आरशाच्या सूत्रावरून अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे स्वतः सिद्ध करू शकतील.

ट्रकचा नेहमीचा आकार आपल्याला ठाऊक असतो. म्हणून तो लहान दिसला, की मन त्याला दूर समजते. ३० मीटरवरचा ट्रक पहिल्या फुगीर आरशात ६० मीटरवर असल्यासारखा भासतो. मोटारसायकल ताशी ४० किलोमीटरने आणि ट्रक ६० किलोमीटरने जात असेल, तर ३० मीटरचे अंतर तो सुमारे साडेपाच सेकंदांत भरून काढतो. स्वाराला वाटते, की आपल्या हाती अकरा सेकंद आहेत. दीपनगरच्या फाट्यावर उजवीकडे वळताना या फरकाचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

म्हणूनच अमेरिकेत मोटारीच्या प्रवाशाच्या बाजूच्या फुगीर आरशावर, त्यातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, अशी सूचना कोरावी लागते. अशा आरशाच्या वक्रता त्रिज्येला तिथे ८८९ ते १६५१ मिलिमीटर अशी मर्यादाही घातलेली आहे.

आरसा हँडलच्या टोकाला कसा गेला?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० आणि १९६० च्या दशकांत, ब्रिटनमधल्या तरुणांनी साध्या मोटारसायकली शर्यतीच्या गाड्यांसारख्या करायला सुरुवात केली. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी ते जमत, म्हणून या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ नाव पडले. त्यांनी हँडल खाली आणि अरुंद केले. स्वार पुढे वाकू लागला, कोपरे बाहेर आली. अशा बैठकीत हँडलवर उभ्या दांडीच्या आरशात स्वाराला बराचसा आपलाच दंड आणि खांदा दिसतो.

यावर दोन उपाय निघाले. एक, आरसा पुढच्या आवरणावर, म्हणजे फेअरिंगवर बसवणे. दुसरा, तो हँडलच्या टोकाला नेणे. फेअरिंगवरचा आरसा डोळ्यापासून लांब जातो, त्यामुळे त्याचे क्षेत्र घटते. टोकाचा आरसा खांद्याच्या बाहेरून मागे पाहतो, हा त्याचा खरा गुण. परंतु तो खाली असल्याने नजर रस्त्यावरून अधिक हटते, गाडीची रुंदी वाढते आणि हँडलच्या टोकाचा कंप थेट आरशात उतरतो.

भारतात बजाजची पल्सर २००१ मध्ये आली आणि ऐटदार मोटारसायकल मध्यमवर्गीय घरांत पोचली. चाकणला बजाज ऑटो बनवत असलेली ट्रायंफची ‘स्पीड ४००’ २०२३ मध्ये आली. ती तर कारखान्यातूनच टोकाचे आरसे घेऊन निघते. तेव्हा हा प्रकार मुळातच वाईट, असे म्हणता येणार नाही. मात्र कारखान्यात आरसा, हँडल आणि कंप यांचा एकत्र विचार झालेला असतो. गॅरेजमध्ये तो आपल्याला करावा लागतो.

निवड आणि बसवणी

आधी काच पाहावी. आरशाची वक्रता स्फेरोमीटरने मोजता येते. पायांमधले अंतर ४ सेंमी असेल आणि त्रिज्या १२० सेंमी असेल, तर काचेचा फुगवटा सुमारे ०.२२ मिमी भरतो. तो ०.४४ मिमी भरला, तर त्रिज्या निम्मी, आणि ट्रक तिप्पट दूर भासणार. फार फुगीर किंवा फार लहान काच घेऊ नये.

मग हँडलच्या नळीचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. आरशाच्या खुंटीवर रबराची किंवा धातूची फाकणारी बाही असते. स्क्रू आवळला, की आतली पाचर ओढली जाते, बाही फुगते आणि घर्षणाने नळीत घट्ट बसते. व्यास जुळला नाही, तर ही पकड लाभत नाही. काही गाड्यांत नळीच्या टोकाला आटे असतात. तिथे त्याच मापाचा स्क्रू लागतो.

हँडलच्या टोकाला मुळात जी धातूची वजने असतात ती शोभेची नसतात; कंप कमी करण्यासाठी ती असतात. ती काढून हलका आरसा लावला, तर प्रतिमा थरथरते. वजन कायम ठेवून बसणारा आरसा मिळाला, तर तोच घ्यावा.

उजव्या मुठीकडे विशेष लक्ष हवे. ॲक्सिलरेटरची मूठ आणि आरसा यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. मूठ पिळून सोडली, की ती आपोआप झटकन मागे आली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही हे तपासावे. आरसा टाकीला, गुडघ्याला किंवा ब्रेकच्या दांडीला लागता कामा नये. काही दिवस चालवल्यावर स्क्रू पुन्हा आवळून पाहावेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरबदल करण्यावर मर्यादा घातल्या आहेत. म्हणून बदल करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. आरसे काढून मोकळ्या हँडलने फिरणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पुढे जाणारे वाहन उजवीकडून येते. त्यामुळे उजव्या आरशावाचून चालणारच नाही.

शाळेच्या मैदानावर

एक प्रयोग शिक्षकांनी जरूर करून पाहावा. मोटारसायकल मैदानावर स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे. हेल्मेट घातलेली मोठी व्यक्ती नेहमीच्या बैठकीत बसवावी. एका विद्यार्थ्याने वीस मीटर मागून, गाडीच्या उजवीकडे दोन मीटर अंतर राखून सरळ पुढे चालत यावे. बसलेल्या व्यक्तीला तो आरशातून दिसेनासा होईल तिथे जमिनीवर खूण करावी. मान न वळवता तो डोळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा दिसू लागेल तिथे दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधला पट्टा मोजावा. मग दुसऱ्या प्रकारचा आरसा लावून हेच पुन्हा करावे आणि आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

आरसा बदलला, की हा पट्टा लांब किंवा आखूड होईल, थोडा पुढे-मागे सरकेल. आमचा अनुभव असा, की कोणत्याच आरशाने तो शून्य होत नाही. त्या पट्ट्यात एक मोटारसायकल सहज मावते. वळण्यापूर्वी मान फिरवून खांद्यावरून एकदा मागे पाहायचे, हा नियम विद्यार्थ्यांना वेगळा सांगावा लागणार नाही. खुणांच्या मधली मोकळी जागा पाहून तो त्यांना स्वतःच सुचेल.