पिवळ्या कॅसेटची कुळकथा

बंदुकीची गोळी आणि तिची दारू एकत्र बांधणाऱ्या नळीसाठी मराठीने पोर्तुगीजांकडून ‘काडतूस’ हा शब्द घेतला, आणि त्याच कुळातला ‘कार्ट्रिज’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचांकडून उचलून पुढे यंत्राच्या खोबणीत बसवून पुन्हा काढता येणाऱ्या कितीतरी वस्तूंना लावला. त्या न्यायाने, दूरचित्रवाणीवर खेळावयाच्या खेळांची जी चपटी प्लास्टिकची पेटी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आमच्या घरी आली, तिला आम्ही काडतूस म्हणावयास हरकत नव्हती. परंतु नंदुरबारच्या आमच्या गल्लीत ती ‘कॅसेट’ होती. गाण्यांची कॅसेट घरात आधीच नांदत असल्यामुळे तिचे नाव या धाकट्या भावंडाला मिळाले असावे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो, आणि शिक्षणासाठी पुण्यास गेल्यावर तेथील मुलांच्या देखत हा शब्द उच्चारावयास संकोचतही होतो. पुढे कळले, की ज्या जपानात ही पेटी घडली तेथेही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात. लहान पेटी एवढ्याच अर्थाचा हा फ्रेंच शब्द दोन निरनिराळ्या वाटांनी जपानी आणि खानदेशी मुलांच्या तोंडी एकसारखा बसला होता. आणि त्या दिवसापासून मी तो शब्द निःसंकोच वापरू लागलो.

खेळ यंत्रापासून सुटा करून पेटीत ठेवण्याची कल्पना मात्र जपानची नव्हे. आरंभीच्या यंत्रांत जे खेळ कारखान्यात घातले जात तेवढेच त्या यंत्राच्या नशिबी असत. अमेरिकेत १९७६ मध्ये जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली फेअरचाइल्ड कंपनीचे ‘चॅनल एफ’ हे यंत्र सिद्ध झाले, आणि त्यात प्रथमच स्मृतिचकती, म्हणजे मेमरी चिप, बसवलेली पेटी बदलून खेळ बदलता येऊ लागला. निन्टेन्डो कंपनीने मासायुकी उएमुरा यांच्याकडून घडवून घेतलेले ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनांना विक्रीस आले, तेव्हा ती कल्पना सात वर्षांची झालेली होती. याच कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेसाठी जे यंत्र काढले त्यात परवाना नसलेली पेटी ओळखून नाकारणारी एक चकती बसवली होती. मूळ जपानी यंत्रात असा पहारेकरी नव्हता. त्यामुळे तैवानात आणि चीनमध्ये त्याच्या प्रतिकृती निघू लागल्या तेव्हा साठ पिनांची कोणतीही पेटी त्यांच्या खोबणीत बिनहरकत बसत असे. एका कंपनीने १९८३ साली एक कुलूप लावले नाही, आणि त्या न लावलेल्या कुलपातून तापीच्या खोऱ्यापर्यंत वाट निघाली.

आमचे वडील तलाठी होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून फुटून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, कागदोपत्री नवे नाव चढू लागले, आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत सुरतेहून तापीकाठच्या लोहमार्गाने येणाऱ्या पॅसेंजरमधून आमच्या मामांनी एक खोके आणले. ‘मीडिया’, ‘समुराई’ अशा नावांची ही यंत्रे तेव्हा लोकांच्या परिचयाची होती; आमच्या खोक्यावर कोणते नाव होते ते आता आठवत नाही, परंतु त्यातील पिवळी कॅसेट आणि तिच्यावरील ‘९९९९ इन १’ हा आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वडिलांनी चोपडीशेजारी तिलाही हळदकुंकू वाहिले होते.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ तिच्यात अर्थातच नव्हते. एका मोठ्या स्मृतिचकतीत मूठभर खेळ लागोपाठ साठवलेले असत. यादीचा पडदा दाखवणारी एक छोटी आज्ञावली आरंभी चाले, खेळणाराने निवडलेल्या ओळीप्रमाणे ती पेटीतल्याच एका लहानशा कप्प्यात क्रमांक टाके, आणि तो क्रमांक तेथे असेतो यंत्राला त्या पेटीत तेवढा एकच खेळ असल्याचे दिसे. यादी लांबवण्यासाठी तोच खेळ दुसऱ्या नावाने, तिसऱ्या पातळीपासून, अधिक शस्त्रांसह पुन्हा पुन्हा नोंदलेला असे. आतली चकती काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली, म्हणून पेटी उघडणाऱ्यालाही कर्त्याचा ठावठिकाणा लागत नसे. या यादीचा आम्ही जो अभ्यास केला तितका पाठ्यपुस्तकाचा केला असता तर वडील संतुष्ट झाले असते. हजाराच्या पुढे काहीतरी नवे निघेल या आशेने शेजारचा माझा मित्र आणि मी ओळीमागून ओळ उघडून वहीत टिपत असू. वही भरली तेव्हा निराळे खेळ पंचवीसही भरले नव्हते.

परंतु फसवणूक आकड्याची होती तेवढीच असती तर मी हा लेख लिहावयास बसलो नसतो. या पेट्यांनी त्याहून मोठी गोष्ट लपवली. आमचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे रणगाड्यांचा. विटांच्या भिंतींत वाट पाडीत दोघांनी मिळून आपले गरुडचिन्हाचे ठाणे राखावयाचे आणि प्रत्येक पातळीवर शत्रूचे वीस रणगाडे नष्ट करावयाचे. पडद्यावर त्याचे नाव ‘टँक १९९०’ असे येई, आणि आम्ही ते प्रमाण मानले. वस्तुतः तो खेळ नाम्को कंपनीने १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी काढलेला ‘बॅटल सिटी’. आणि त्याचाही पूर्वज त्याच कंपनीचा १९८० सालचा, नाणे टाकून खेळावयाचा ‘टँक बटॅलियन’. मूळ खेळाच्या पहिल्याच पडद्यावर १९८० आणि १९८५ ही दोन्ही साले आणि मालकाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. नक्कल करणाऱ्यांनी नेमकी तीच ओळ खरवडून तेथे एक खोटे नाव आणि एक खोटे साल बसवले.

तलाठ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट विशेष लागते. वहिवाट आणि नोंद यांतला भेद मी अक्षरे गिरवण्याच्या वयात ऐकला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही गाव नमुना सहात फेरफार न चढल्यामुळे ज्यांच्या हाती उताऱ्याचा कागद नव्हता अशी माणसे आमच्या ओसरीवर बसलेली असत, आणि वडील त्यांना पुन्हा पुन्हा विचारीत, की मूळ पुरुष कोण, त्याला वारस किती. आमची स्थिती त्यांच्या उलट होती. आमच्यापाशी खेळाची निर्वेध वहिवाट होती; परंतु मूळ पुरुषाचे नाव कोणत्याच दप्तरात नव्हते. रिओइची ओकुबो या आज्ञावलीकाराने हा खेळ रचला, जुन्को ओझावा या बाईंनी त्याच्या आरंभीची ती छोटी, काळजात धडकी भरवणारी सुरावट बांधली, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ओकुबो यांनी मूळ आज्ञावलीत आपल्या टोपणनावाने एक गुप्त ओळ दडवून ठेवली आहे, आणि तीत हे काम आपण केल्याचे नमूद करून एका प्रिय व्यक्तीवरील प्रेमही व्यक्त केले आहे. कर्त्याची पाटी बाहेरून पुसली गेली तरी आत कोठेतरी माणूस आपली सही ठेवून जातो, याचा इतका हृद्य दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

आता नव्या यंत्रांवर जुन्या खेळांचे जे अधिकृत संग्रह निघतात, त्यांची परंपरा वाटते त्यापेक्षा जुनी आहे. निन्टेन्डोने १९९३ मध्येच मारिओचे चार जुने खेळ नव्याने रंगवून एका कॅसेटमध्ये आणले. नाम्कोने १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर आपल्या जुन्या खेळांचे ‘म्युझियम’ काढले, आणि त्यात खेळणाऱ्याला खरोखरीच्या संग्रहालयाप्रमाणे दालनांतून हिंडता येई. म्हणजे आमची पिवळी कॅसेट सुरतेहून आली तेव्हा जगात एका बाजूला नावे जपणारे संग्रह आणि दुसऱ्या बाजूला नावे पुसणारे संग्रह एकाच वेळी तयार होत होते, आणि आमच्या वाट्याला दुसरे आले. पुढे कोनामी कंपनीने ‘कॉन्ट्रा’ या आपल्या जुन्या खेळाचा असाच संग्रह २०१९ मध्ये काढला, त्यात जपानी आवृत्तीही आहे, आणि तिच्या जंगलात झाडे वाऱ्याने हलतात व हिमप्रदेशात बर्फ भुरभुरते, ही शोभा अमेरिकी आवृत्तीत गाळलेली होती.

‘बॅटल सिटी’ मला भेटली ती जून २०२० मध्ये निघालेल्या ‘नाम्को म्युझियम आर्काइव्ह्‌ज’च्या दुसऱ्या भागात. भाच्याने गेल्या उन्हाळ्यात नवे यंत्र घेतले आणि माझ्यासाठी म्हणून हा संग्रह आंतरजालावरून उतरवून ठेवला. पडदा खालून वर सरकत आला, विटांच्या अक्षरांत नाव उभे राहिले, आणि तळाशी ती ओळ दिसली : १९८०, १९८५, नाम्को. वीस वर्षांच्या वहिवाटीनंतर फेरफाराची नक्कल हाती यावी तसा मी तिच्याकडे पाहत राहिलो.

“मामा, सुरू करा ना,” भाचा म्हणाला.

सुरू केले, आणि पहिल्या मिनिटात हरलो. बोटे चुकत नव्हती. खेळच वेगाने धावत होता. त्याचे कारण पुढे उमगले. जपान व अमेरिकेतील दूरचित्रवाणी सेकंदास साठ चित्रे दाखवी, आपल्याकडील पाल पद्धतीची पन्नास. आणि या खेळांची चाल प्रत्येक चित्रागणिक मोजलेली असल्यामुळे आमच्या यंत्रांवर तेच खेळ एक षष्ठांशाने मंद चालत. ज्या लयीला आम्ही त्या खेळाची जात समजत होतो ती आमच्या विजेची आणि पडद्याची होती. अधिकृत संग्रह मूळ वेग देतो हे योग्यच आहे; तरी माझ्या पिढीची ती मंद लय कोणत्याही संग्रहात नाही, आणि तीही कोठे तरी नोंदली जावी असे मला मनापासून वाटते.

या संग्रहात दोन सोयी नव्या आहेत. चूक झाली की काळ मागे सरकवता येतो. ही सोय मला रुचत नाही, कारण चुकीची किंमत देण्यातच त्या खेळाचे सारे गांभीर्य होते. दुसरी सोय खेळ आहे त्या स्थितीत जतन करण्याची, आणि तिच्याविषयी मी कृतज्ञ आहे. या खेळात स्वतःचे रणांगण रचता येते. तेरा उभ्या, तेरा आडव्या घरांत वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ हवे तसे मांडावे. माझा मित्र, जो पुढे सुरतेच्या कापड बाजारात गेला, त्यात तापी काढीत असे : मधोमध पाण्याचा आडवा पट्टा, त्यावर सारंगखेड्याचा पूल म्हणून विटांची एक ओळ, वरच्या काठाने शत्रू, खाली आमचे ठाणे. कॅसेटला लेखनाची सोय नव्हती. नदी पुरी होई, खेळ रंगात येई, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत गल्लीतून आरोळी उठे, “लाइट गयी!” तापी प्रत्येक वेळी आटे, आणि तो प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून मांडी.

त्या रात्री मी भाच्याला तशीच तापी काढून दाखवली. पुलासाठी खेळताना माझ्याच गोळीने एक वीट उडाली, तेवढ्यात जेवणाची हाक आली, आणि त्याने खेळ जतन करून ठेवला. आम्ही ताटावर बसलो असतानाच वीज गेली. सकाळी यंत्र पुन्हा चालू केले तेव्हा पाण्याचा पट्टा काठोकाठ भरलेला होता, आणि पुलात डावीकडून तिसऱ्या घरातली वीट नव्हती.