शय्याव्रण

शय्याव्रण किंवा दाबव्रण म्हणजे शरीराच्या एखाद्या भागावर दीर्घकाळ राहिलेल्या दाबामुळे त्वचेला व तिच्याखालील ऊतींना होणारी इजा. अंथरुणाला खिळलेले, बेशुद्ध, पक्षाघात झालेले, तसेच लांबलेल्या शस्त्रक्रियेत एकाच स्थितीत राहिलेले रुग्ण यांना तिचा धोका अधिक असतो. त्वचेलगत हाडाचा उंचवटा असतो तेथे, म्हणजे माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, खुबे, घोटे व डोक्याची मागची बाजू येथे हे व्रण प्रामुख्याने होतात. ऑक्सिजनचा मुखवटा, नळ्या किंवा प्लास्टर यांच्या दाबानेही ते होऊ शकतात.

कारणे

हाड आणि गादी यांच्यामध्ये ऊती चेपल्या गेल्या की केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह थांबतो व पेशी मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो; संवेदना किंवा हालचाल हरपलेल्या रुग्णाला ते जमत नाही. उशाकडची बाजू उंच केलेल्या खाटेवर रुग्ण खाली घसरतो तेव्हा त्वचा चादरीला धरून राहते आणि हाड मात्र पुढे सरकते. या ओढीने खोलवरच्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्यामुळे वर लहान दिसणारा व्रण आत बराच पसरलेला असू शकतो. घाम, लघवी व शौच यांचा ओलावा, कुपोषण, मधुमेह आणि रक्तदाब फार कमी होणे यांमुळे धोका वाढतो.

अवस्था व निदान

पहिल्या अवस्थेत त्वचा अखंड असते, परंतु बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली दिसते. दुसरीत उथळ गुलाबी व्रण किंवा पाण्याने भरलेला फोड, तिसरीत चरबीपर्यंत आणि चौथीत स्नायू, कंडरा वा हाडापर्यंत पोचलेली जखम आढळते. मृत ऊतींनी तळ झाकला असल्यास अवस्था ठरवता येत नाही.

पाठ्यपुस्तकांतील पहिल्या अवस्थेचे वर्णन मुख्यतः गोऱ्या त्वचेवर बेतलेले आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही, म्हणून भारतीय रुग्णांमध्ये केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. आसपासच्या त्वचेच्या तुलनेत ती जागा अधिक गरम वा गार, कडक वा मऊ लागते का, तेथे दुखते का, जांभळट छटा आहे का, हे हाताने व चांगल्या उजेडात तपासावे लागते.

धोक्याच्या मूल्यमापनासाठी 1987 साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मापनश्रेणी सर्वत्र वापरली जाते. संवेदना, ओलावा, वावर, स्थिती बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण व ओढ या सहा बाबींना मिळून 6 ते 23 गुण असतात. गुण जितके कमी तितका धोका अधिक; 18 किंवा त्याहून कमी गुण असल्यास रुग्ण सामान्यतः धोक्याच्या गटात धरतात.

प्रतिबंध

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच शय्याव्रणाचा दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे मत मांडले होते. याउलट फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ शार्को यांच्या मते मज्जासंस्थेच्या इजेमुळेच हे व्रण होत. लुडविग गुटमन यांनी 1944 पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रीही, बदलण्याची पद्धत काटेकोरपणे राबवली आणि असे व्रण टाळता येतात हे दाखवून दिले.

दोन तासांचे अंतर आजही प्रचलित आहे, मात्र ते रुग्णाच्या त्वचेनुसार कमी-अधिक करावे लागते. कुशीवर वळवताना 90 अंशांऐवजी सुमारे 30 अंशांचा कल दिल्यास खुब्यावर थेट भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवतात. रुग्णाला वर सरकवताना ओढू नये, दोघांनी खालच्या चादरीसह उचलावे. हवेची गादी उपयुक्त असली तरी ती कूस बदलण्याला पर्याय नाही. लाल झालेल्या जागेवर मालिश करणे, स्पिरिट चोळणे आणि रबरी रिंगवर बसवणे या जुन्या सवयी अपायकारक आहेत. रिंगमुळे कडेच्या भागातील रक्तपुरवठा उलट घटतो.

उपचार

त्या जागेवरील दाब पूर्णपणे काढल्याशिवाय कोणतेही मलम उपयोगी पडत नाही. जखम सलाइनने धुऊन, मृत ऊती काढून, ओलसरपणा टिकवणारी मलमपट्टी करतात. टाचेवरील कोरडी, घट्ट व संसर्ग नसलेली काळी खपली मात्र सहसा तशीच ठेवतात. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिने द्यावीत, अशी शिफारस आहे. ताप, दुर्गंधी, पू किंवा भोवतालची सूज वाढल्यास डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते, कारण संसर्ग हाडात किंवा रक्तात पसरून प्राणघातक ठरू शकतो.