नाव तेच, पत्ता नवा

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटला नवा संगणक जोडला की त्याचे नाव आणि पत्ता कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला कळवावा लागे. तिथल्या एलिझाबेथ फाइनलर यांच्या माहिती केंद्रात माणसे ती नोंद ‘होस्ट्स.टीएक्सटी’ या एकाच फाइलमध्ये चढवत आणि बाकीचे संगणक ती फाइल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी फाइल फुगली. ती हाती पडेपर्यंत काही नोंदी शिळ्या झालेल्या असत.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला आणि हा एकखांबी कारभार मोडला. आपापल्या नावांचा हिशेब आता ज्याचा त्याने ठेवायचा. तो मात्र हातानेच: आपल्या नावांची ‘झोन फाइल’ उघडायची, ओळ बदलायची, फाइलचा अनुक्रमांक वाढवायचा. अनुक्रमांक राहून गेला, तर तिची प्रत ठेवणारे दुय्यम सर्व्हर जुनीच उत्तरे देत बसत.

१९९३ मध्ये यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी डीएचसीपी आली. यंत्रांना पत्ते ठरावीक मुदतीपुरते मिळू लागले आणि हाताने नोंदी ठेवणे अशक्यच झाले.

एप्रिल १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी, सुझन थॉमसन, याकोव्ह रेख्टर आणि जिम बाउंड यांचे ‘आरएफसी २१३६’ हे इंटरनेटच्या नियमांचे टिपण प्रसिद्ध झाले. आता नोंद बदलण्याचा निरोप थेट सर्व्हरला धाडता येऊ लागला. त्यातला सर्वांत देखणा भाग म्हणजे अटी. ‘हे नाव आधी कुणी घेतलेले नसेल तरच नोंदव’ असे निरोपातच सांगता येते. एक जरी अट मोडली, तरी सगळा निरोप रद्द. अर्धवट बदल होतच नाही. अनुक्रमांकाची काळजीही सर्व्हरच घेतो.

पण निरोप धाडणारा खरा कशावरून? नुसत्या पत्त्यावर विसंबता येत नाही, तो खोटा घालता येतो. म्हणून २००० मध्ये टीसिग आले: दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने निरोपावर सही करायची. ही सोय मुळातच हवी होती.

त्याच वर्षीच्या विंडोज २००० ने आपोआप नोंद बदलण्याची पद्धत कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचवली. विंडोज २००० चे संगणक दर २४ तासांनी आपली नोंद ताजी करत. मात्र १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांच्या नोंदीही ते बाहेरच्या इंटरनेटवर धाडू लागले. असे भरकटलेले निरोप झेलायला ‘एएस ११२’ या प्रकल्पात स्वयंसेवकांनी जगभर सर्व्हर उभे केले. ते ज्या नावांनी उत्तर देतात, त्यांतले एक ‘प्रिझनर’.

निघून गेलेली यंत्रे मात्र बहुधा निरोप घेत नाहीत. त्यांच्या नोंदी पुसण्याची सोय विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्ये आहे, पण ती व्यवस्थापकाने स्वतः चालू करावी लागते.