रोझेलची मावशी आणि टपालाचे वेळापत्रक

दूरच्या माणसाशी मैत्री टिकली की तिचे श्रेय आपण जिव्हाळ्याला देऊन मोकळे होतो. जिव्हाळा हवाच, पण पुरेसा जिव्हाळा असूनही सुटलेल्या मैत्र्या कमी नाहीत, आणि बऱ्याचदा त्या सुटतात त्या भांडणाने नव्हे, निरोप पोचेनासा झाल्याने. डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांचा स्नेह मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे. त्याची कथा आजवर धैर्याची आणि मायेची म्हणून सांगितली गेली, आणि ती तशी आहेही. पण सातासमुद्रापलीकडची, कधी डोळ्यांनी न पाहिलेली दोन माणसे तीन वर्षे एकमेकींना धरून राहिली, ती आधी टपालाच्या जोरावर. माया त्या टपालातून वाढत गेली, असे माझे म्हणणे आहे.

सरकारी टपालाआधी आपल्याकडे डाक नव्हती असे नाही. पेशव्यांचे जासूद होते, सावकारांचीही आपापली व्यवस्था होती; पण ती दरबाराची आणि पेढीची. साध्या माणसाचा निरोप काशीयात्रेला निघालेल्या कुणाबरोबर जाई, आणि उत्तर आले तर आले. कंपनी सरकारने १८३७ साली टपालाचा कायदा केला, तोही अंतराप्रमाणे दर लावून. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र धाडायला एक रुपया पडे. एवढ्या पैशात खुशाली कोण विचारणार? १८५४ साली हा हिशेबच बदलला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून सासवडला जावो की पेशावरला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, पुढच्याच वर्षी मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडली गेली, १८७६ साली हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात आला आणि १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. त्या वीस वर्षे आधी जन्मल्या असत्या, तर अमेरिकेतल्या अनोळखी बाईला वरचेवर लांबलचक पत्रे लिहिणे कारकुनाच्या पगारात बसले नसते.

आणि कारकून कोणत्या खात्यातला? टपालखात्यातला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी टपाल कचेरीत नोकरीला होते; कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. परमुलखाला पत्र कसे जाते, जहाज कोणत्या वारी सुटते, कुठल्या तिकिटाला किती पैसे पडतात, हा ज्याचा रोजचा धंदा, त्याच्या मनात अमेरिकेला लिहिण्याचा विचार येणे जितके इतरांना अचाट वाटते तितके ते नव्हते. कोल्हापुरात मिशनचे काम करून मायदेशी परतलेले रॉयल वाइल्डर यांना त्यांनी १८७८ च्या सुमारास लिहिले: बायकोला शिकवायचे आहे, आपल्याला तिकडे काही काम मिळेल का? ख्रिस्ती झालात तर मदत करता येईल, अशा वळणाचे उत्तर आले, आणि हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापून टाकला. तो अंक १८८० साली कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना त्यांनी तो चाळला, असे सांगतात. त्यांनी थेट पत्र घातले.

पुढे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. त्यांत हिंदू चालीरीती होत्या, धर्म होता आणि आनंदीबाईंची प्रकृतीही होती. डोके सतत दुखते, मधूनच ताप येतो, अशक्तपणा जात नाही, असे त्या लिहीत; कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधे पाठवत. याचा हिशेब मांडून पाहावा. मुंबईहून लंडनला अडीच-तीन आठवडे, पुढे अटलांटिक ओलांडायला आणखी आठ-दहा दिवस, म्हणजे पत्र जाऊन उत्तर यायला दोन-अडीच महिने. श्रीरामपुरात औषधाची पुडी उघडली जाई तेव्हा ज्या तापासाठी ती निघाली तो केव्हाच उतरलेला असे, बहुधा दुसरा चढलेला असे. औषधांचा गुण आला नाही. तरी त्यांचा उपयोग झाला नाही असे म्हणवत नाही. ज्या डाकेला आठवड्याचा नेम आहे तिच्यात उशीर म्हणजे विसर नव्हे, हे दोघींनाही ठाऊक होते. बदलीच्या गावी पत्ता बदले, तरी पत्र मागोमाग येई.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनाचा आहे. टपाल तर वाइल्डर यांच्यापर्यंतही तेवढ्याच पैशात, तेवढ्याच दिवसांत पोचत होते. तिथे मैत्री का झाली नाही? कारण वाइल्डर यांच्या पत्रात अट होती. कार्पेंटरबाईंनी अट घातली नाही. आनंदीबाई अमेरिकेत हिंदूच राहिल्या आणि स्नेहात उणे आले नाही. तेव्हा टपालाने सगळे घडवले असे मी म्हणत नाही. टपालाने दोघांनाही सारखीच संधी दिली, ती एकाने उपदेशात घालवली. दुसरा आक्षेप असा, की ही मैत्री नव्हे, आश्रय होता: एक सुखवस्तू बाई आणि एक गरजू मुलगी. पण आश्रय मिळाला तो १८८३ साली. ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई हजर होत्या. त्याआधीची सगळी पत्रे कसल्याही आश्रयाशिवाय लिहिलेली. त्या पत्रांतूनच कार्पेंटरबाई ‘मावशी’ झाल्या. परक्या बाईला नात्यात बसवून घ्यायची आपली ही जुनी रीत. उपकारकर्तीला आपण सहसा ‘बाईसाहेब’ म्हणतो.

कागदावरची मैत्री समोरासमोर आली की ढासळते, असेही म्हणतात. इथे तसे झाले नाही. आनंदीबाई रोझेलच्या घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वय बावीसही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आल्या आणि पोकिप्सी इथल्या त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. ज्या काळात परदेशगमनावरून जातीत घेणे-न घेणे चाले, त्या काळात अस्थी समुद्रापार पाठवणे हे निव्वळ ऋण फेडण्याकरिता कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

राहता राहिला लिहिता-वाचता येणाऱ्यांचाच हा खेळ असल्याचा मुद्दा. तो बराचसा खरा आहे. मुंबईच्या गिरणीत खपणाऱ्या कोकणी चाकरमान्याला इंग्रजी पत्रे कुठली? पण १८८० साली निघालेल्या मनीऑर्डरची त्याच्याही गावी वाट पाहिली जाई, आणि जनरल पोस्टाबाहेर बसणारे पत्रलेखक त्याचा निरोप कागदावर उतरवून देत. तिऱ्हाइताला सांगून लिहवलेल्या पत्रात मनातले किती येणार, ही अडचण होतीच. घराशी नाते तरी त्यावर टिकले. मित्र-सोबत्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी लिहवलेली पत्रे फारशी जपलीच गेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठामपणे बोलणे धाडसाचे ठरेल.

आनंदीबाईंची पत्रे जपली गेली. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली निघाले, पाठोपाठ काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले, पुढे श्री. ज. जोशींची कादंबरी, नाटक, चित्रपट. या साऱ्यामुळे गोपाळरावांचा विक्षिप्तपणा, त्यांचा हट्ट, त्यांचे बायकोला शिकवताना रागावणे घरोघरी माहीत झाले. त्यांची नोकरी मात्र बदल्यांचे कारण म्हणूनच तेवढी येते. परदेशी डाकेचा दर तोंडपाठ असलेला हा माणूस महसूल खात्यात चिकटला असता, तर वाइल्डर यांना ते पत्र गेले असते का, याचा विचार त्यांच्या चरित्रकारांनी करायला हरकत नव्हती.