खळबळीपासून वाऱ्यापर्यंत

सूर्यमालेचे 99 टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, पण कोनीय संवेग जवळजवळ सगळा ग्रहांकडे आहे. फिरत्या, आकसत्या वायूतून ग्रह जन्मले ही लाप्लासची 1796 सालची कल्पना पुढे याच विसंगतीवर अडखळली. तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीतला वायू ताऱ्यावर पडायचा, तर त्याने आपला कोनीय संवेग आधी कुठेतरी सोडून द्यायला हवा. तो कसा सोडतो, याचे उत्तर दीर्घकाळ खळबळीत शोधले गेले. माझ्या मते ते बरेचसे वाऱ्यात आहे.

वायू पडतो, याबद्दल मात्र वाद नाही. अल्फ्रेड जॉय यांनी 1945 मध्ये टी टॉरी या जातीचे तरुण तारे वेगळे ओळखले. असा तारा वर्षाला साधारण सूर्याच्या दहा कोटींश वस्तुमान गिळतो आणि काही दशलक्ष वर्षांत तबकडी संपते. रेणूंच्या साध्या घर्षणाने एवढ्या वेळात काहीच साधत नाही. म्हणून शाकुरा आणि सुन्याएव यांनी 1973 मध्ये, कृष्णविवरांच्या तबकड्यांसाठी, खळबळीचा सगळा परिणाम एका अंकात बसवला. लिंडेन-बेल आणि प्रिंगल यांनी पुढच्याच वर्षी तशाच विचाराने तरुण ताऱ्यांचे गणित मांडले. अंक सोयीचा होता, पण खळबळ येते कुठून हे तो सांगत नव्हता. ते सांगितले 1991 मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी: दुबळे चुंबकीय क्षेत्रही फिरत्या वायूला अस्थिर करते. ही अस्थिरता वेलिखोव्ह आणि चंद्रशेखर यांनी 1960च्या सुमारासच गणिताने दाखवली होती. तबकड्यांसाठी तिचे मोल कळायला तीन दशके लागली.

पण चुंबकीय क्षेत्राची पकड विद्युतभारित वायूवरच बसते आणि तबकडीचा मधला थर थंड, जवळजवळ भाररहित असतो. गॅमी यांनी 1996 मध्ये त्याला मृत पट्टा ठरवले. बाय आणि स्टोन यांनी 2013 मध्ये ही उणीव गणनेत धरली, तेव्हा खळबळ विझली आणि उरला वारा. त्याची यंत्रणा ब्लँडफर्ड आणि पेन यांनी 1982 मध्येच मांडली होती: वायू चुंबकीय रेषांवर तारेत ओवलेल्या मण्यासारखा बाहेर भिरकावला जातो. दूर जाताना त्याचा संवेग वाढतो, म्हणून थोडा वायू गेला तरी उरलेल्या बऱ्याच वायूला आत सरकता येते. 2014 मध्ये चिलेतल्या अल्मा दुर्बिणीने टिपलेल्या एचएल टाउ या तरुण ताऱ्याभोवतीच्या वलयांमध्ये धुळीचा थर विलक्षण पातळ निघाला. जोरदार खळबळीत धूळ अशी खाली बसत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की खळबळ क्षीण असणे हा वाऱ्याचा पुरावा नव्हे. शिवाय ताऱ्याच्या प्रखर किरणांनी तापून उडणारा वायूही वाराच दिसतो, पण तो स्वतःच्या वाट्याचाच संवेग नेतो, मागे राहिलेल्याचा नेत नाही. हे खरे आहे, आणि ताऱ्यालगतच्या तापलेल्या भागात खळबळ आजही समर्थ मानली जाते. तरीही डीजी टाउ बी या तरुण ताऱ्यासारख्या ठिकाणी बाहेर पडणारा वायू स्वतःभोवती फिरताना मोजला गेला आहे. म्हणजे तो तबकडीतला संवेग घेऊन निघतो आहे. निर्णायक कसोटी आकाराची ठरेल. खळबळ संवेग बाहेरच्या कडेकडे ढकलते, म्हणून तबकडी वयाबरोबर पसरायला हवी. वारा तो उचलून नेतो, म्हणून ती तशी पसरायची गरज नाही. त्यासाठी वेगवेगळ्या वयांच्या तबकड्यांमधला वायू कुठवर पोचतो हे मोजावे लागते, आणि वायूची कडा धुळीपेक्षा कितीतरी फिकी असते.